नगरशेठांचे अहमदाबाद : पोळांतून एक यात्रा

महाराष्ट्रातून शत्रुंजय, शंखेश्वर वा तारंगा येथील यात्रेस निघणारा श्रावक अहमदाबादला उतरतो खरा, परंतु तो बहुधा गाडी बदलण्यापुरताच. कालूपूर स्थानकाबाहेर पडावे, दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंगांच्या देरासरात दर्शन घ्यावे, खाखऱ्याची चार पाकिटे बांधून घ्यावीत आणि दिवस मावळण्याच्या आत पुढच्या गावाला लागावे, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. यात्रासंघांच्या कार्यक्रमपत्रिकेत अहमदाबादसाठी अर्धा दिवसही क्वचितच राखलेला आढळतो. वस्तुतः पश्चिम भारतातील जैन समाजाने तीर्थांचे रक्षण कसे केले, राजसत्तेशी व्यवहार कसा केला आणि प्रसंगी एक सबंध शहर आपल्या तिजोरीतून कसे सोडवून घेतले, हे ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने निदान दोन दिवस या नगरीस द्यावयास हवेत. मराठीभाषक यात्रेकरूला तर त्याचे आणखी एक कारण आहे. ते पुढे येईलच.

साबरमतीच्या पूर्व तीरावर पूर्वी आशावल नावाची वस्ती होती. अकराव्या शतकात चौलुक्य राजा कर्णदेव याने ती जिंकून कर्णावती वसविली. त्याच परिसरात गुजरातचा सुलतान अहमदशाह याने १४११ मध्ये नव्या राजधानीचा पाया घातला. भद्रचा किल्ला, त्यासमोरील तीन दरवाजा आणि १४२४ मध्ये पूर्ण झालेली जामा मशीद ही त्या पहिल्या पिढीची बांधकामे होत. जामा मशिदीचे २६० स्तंभ आणि सीदी सैयद मशिदीच्या दगडी जाळीतील वृक्ष पाहताना देरासरांच्या रंगमंडपांची व छतांची आठवण होते, यात नवल नाही. घडविणारे हात याच प्रदेशातील सलाटांचे होते. यजमान बदलला तरी छिन्नी बदलली नाही.

परंतु या शहराचा खरा प्राण स्मारकांत नाही, पोळांत आहे. पोळ हा शब्द मराठी कानाला थोडा चमत्कारिक वाटतो, कारण आपल्याकडे पोळ म्हणजे मोकाट सोडलेला वळू. गुजरातीत मात्र पोळ म्हणजे दरवाजाआडची वस्ती. रस्त्याच्या बाजूला एक भक्कम दरवाजा, त्यावर राखणदाराची खोली, आत अरुंद वाकडी गल्ली, तिला फुटलेल्या खडक्या आणि दोहों बाजूंना भिंतीला भिंत लावून उभी असलेली लाकडी घरे, अशी ही रचना. एका पोळेत बहुधा एका जातीची वा एका धंद्याची कुटुंबे राहत. रात्री दरवाजा बंद झाला की पोळ हेच एक लहानसे गाव होई. तिचे पंच वेगळे, फंड वेगळा, विहीर वेगळी. श्रीमंत घरांच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टांके असत. छपरावरचे पाणी तांब्याच्या वा पत्र्याच्या नळाने त्यात उतरे आणि वर्षभर पिण्यास पुरे. चौकात कोरीव खांबावर उभारलेला चबुतरा असे, त्यावर पाखरांना दाणे टाकले जात. आजही अनेक पोळांत सकाळी ही ज्वारी-बाजरीची मूठ चुकत नाही. काही पोळांतून एका घरातून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या चोरवाटा आहेत. पाहुण्यास त्या गमतीच्या वाटतात. ज्यांनी त्या ठेवल्या त्यांना मात्र दंगा आणि लूट या दोन्हींची चांगली ओळख होती.

हे सर्व पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेली वारसा पदयात्रा. कालूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून सकाळी निघून ती जामा मशिदीपाशी संपते. वाटेत कवी दलपतराम यांच्या स्मारकाचा चौक लागतो. पुढे हाजा पटेलनी पोळ येते. तेथील शांतिनाथ देरासराचे लाकडी कोरीवकाम हे शहरातील जुन्या काष्ठशिल्पाचा उत्कृष्ट नमुना आहे. संगमरवराने दिपून गेलेल्या डोळ्यांनी हे लाकूड मुद्दाम सावकाश पाहावे. जैन वास्तुकलेचा विचार आपण आबू आणि राणकपूर येथील पाषाणावरून करतो. परंतु घराजवळचे, रोजच्या पूजेचे देरासर शतकानुशतके लाकडातही घडत होते, हे येथे कळते. त्यानंतर दोशीवाडानी पोळ, अष्टापदजीचे देरासर, संभवनाथनी खडकी, चौमुखजीनी पोळ असे करीत यात्रेकरू झवेरीवाडात येतो. येथे एका हाकेच्या अंतरावर इतकी देरासरे आहेत की नवागतास मोजदाद ठेवणे कठीण जाते. निशा पोळेतील जगवल्लभ पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी भोंयऱ्यात उतरावे लागते. हे भोंयरे का, याचे उत्तर सतराव्या शतकात आहे.

ओसवाल जवाहीर शांतिदास झवेरी यांची पेढी मोगल दरबाराला हिरे-माणके पुरवी. जहांगीर आणि शाहजहान या दोघांच्याही दरबारात त्यांचा मान होता. शहराबाहेर सरसपूरजवळ त्यांनी चिंतामणी पार्श्वनाथांचे भव्य मंदिर बांधले. १६३८ मध्ये आलेल्या मँडेलस्लो या जर्मन प्रवाशाने त्याचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. शाहजादा औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, १६४५ मध्ये, या मंदिराचे मशिदीत रूपांतर करण्यात आले. शांतिदासांनी तलवार उपसली नाही. त्यांच्यापाशी ती नव्हतीच. त्यांनी अर्ज केला. १६४८ मध्ये शाहजहानने फर्मान काढून वास्तू शांतिदासांना परत करण्याचा आणि तेथून नेलेले सामान भरून देण्याचा हुकूम दिला. वास्तू परत मिळाली, परंतु तेथे पुन्हा प्रतिष्ठा झाली नाही. मूर्ती शहरात आणून झवेरीवाडात भोंयऱ्यातून ठेविल्या, असे परंपरा सांगते. आज सरसपुरात ते मंदिर उभे नाही. दरबारात वजन असलेल्या माणसालाही न्याय मिळून मंदिर मिळू नये, ही गोष्ट झवेरीवाडातील अंधाऱ्या पायऱ्या उतरताना ध्यानात ठेवावी.

पुढे दहा वर्षांनी काळाने आणखी एक वळण घेतले. गादीच्या लढाईत उतरलेल्या शाहजादा मुरादबक्षाने याच झवेरी घराण्याकडून साडेपाच लाख रुपये घेतले. मुराद कैद झाला आणि बादशहा औरंगजेब झाला. त्याच औरंगजेबाने ते कर्ज फेडण्याविषयी हुकूम काढला आणि पालिताण्याबाबतचा शांतिदासांचा अधिकारही मान्य केला. ज्या हाताने मंदिर गेले त्याच हाताने तीर्थाची सनद आली. पेढी आणि दरबार यांचे नाते एकमेकांवाचून न चालणाऱ्यांचे होते, एवढेच यावरून म्हणता येते. शत्रुंजयाच्या व्यवस्थेसाठी पुढे उभी राहिलेली शेठ आणंदजी कल्याणजी पेढी याच परंपरेतील होय.

आता मराठी वाचकाने किंचित थांबावे असा प्रसंग. १७२५ च्या सुमारास गुजरातची सुभेदारी वादात सापडली होती. हमीदखानाने कंठाजी कदम बांडे आणि पिलाजी गायकवाड यांच्या फौजा मदतीस बोलाविल्या आणि विजयानंतर अहमदाबाद लुटीच्या तोंडाशी आले. त्या वेळी शांतिदासांचे नातू, नगरशेठ खुशालचंद, मध्ये पडले. त्यांनी स्वतःच्या तिजोरीतून मोठी खंडणी भरली आणि शहर वाचविले. व्यापाऱ्यांनी हे ऋण तोंडी मानून सोडले नाही. हिंदू, जैन, मुसलमान अशा सर्व महाजनांनी मिळून लेख करून दिला की, शहरात छाप पडणाऱ्या मालावर शंभर रुपयांमागे चार आणे, म्हणजे पाव टक्का, खुशालचंद आणि त्यांचे वंशज यांना मिळत राहावेत. इंग्रजी अमलात या हक्काचे रूपांतर ठरीव वार्षिक रकमेत झाले. नगरशेठ ही पदवी कोणा बादशहाच्या मर्जीवर उभी नव्हती, शहराने स्वतः दिलेल्या या पाव टक्क्यावर उभी होती, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

मराठ्यांच्या इतिहासात गुजरातवरील स्वाऱ्या पराक्रमाच्या सदरात येतात, आणि त्या पराक्रमाच्या होत्याही. पण त्याच स्वारीची दुसरी बाजू माणेक चौकातील एका पेढीच्या खतावणीत लिहिली गेली. महाराष्ट्रातील जैन समाज मराठी मातीत वाढला. या दोन्ही बाजू त्याच्याच आहेत. १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी ते मोमीनखानाकडे गेले, १७५८ मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आले आणि पेशवे व गायकवाड यांचा वाटणीचा अंमल १८१७ पर्यंत चालला. या साठ वर्षांची स्मृती शहरात संमिश्र आहे. भद्रच्या किल्ल्यातील भद्रकालीचे मंदिर आणि गायकवाड हवेली ही त्या काळाची आजही नांदती नावे. आबा शेलूकर यांच्या सुभेदारीतील सक्तीची वसुली हीदेखील त्याच काळाची आठवण. फेब्रुवारी १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने शहरावर चढाई करून तट फोडला, तेव्हा अभय मागण्यास गेलेल्यांत शहराचे काझी आणि बादशाही दिवाण यांच्यासमवेत पुन्हा एकदा खुशालचंदांच्या घराण्यातील नगरशेठ होते. मराठी आणि गुजराती यांच्या या नात्याचा शेवट मात्र कडू नाही. मूळचे रत्नागिरीकडील घराण्यातील दादासाहेब मावळणकर अहमदाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आणि १९५२ मध्ये त्याच शहराने त्यांना लोकसभेवर पाठविले. तेथे ते पहिले अध्यक्ष ठरले.

पदयात्रा संपते त्या माणेक चौकाजवळच हरकुंवर शेठाणींची हवेली आहे. तिच्या दर्शनी भागातील लाकडी कोरीवकाम पाहून मग दिल्ली दरवाजाबाहेर हठीसिंगांच्या देरासरास जावे. क्रम असा ठेवला तर दोन्ही वास्तूंचा संबंध मनात पक्का बसतो. शेठ हठीसिंग केसरीसिंग यांनी पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ यांचे हे मंदिर बांधण्यास घेतले, परंतु ते पूर्ण होण्याआधीच त्यांचा देह पडला. काम थांबले नाही. हरकुंवर शेठाणींनी ते हाती घेतले, सलाट प्रेमचंद यांच्याकडून पुरे करवून घेतले आणि १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. पांढऱ्या संगमरवराचे मुख्य मंदिर, त्याभोवती बावन्न देवकुलिका आणि मंडपाच्या कमानींतील नर्तिका पाहताना पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या वास्तूऐवजी सोलंकी काळातील एखादी कृती पाहत आहोत, असा भास होतो. इंग्रजी राज्य स्थिर होऊन तीस वर्षे झाली असता, गिरण्यांचा धूर निघण्यापूर्वी, गुजरातच्या सलाटांच्या हातात ही विद्या पूर्णपणे जिवंत होती, याचा हा पुरावा आहे. मंदिर आपण हठीसिंगांचे म्हणतो. ते पुरे करणारी स्त्री कोण, हे विचारणारे यात्रेकरू थोडे. याच घराण्याने आणि नगरशेठ प्रेमाभाईंनी दिलेल्या देणगीतून शहराचे नागरी रुग्णालय उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे.

भोजनाचा विषय टाळून अहमदाबादची माहिती पुरी होत नाही. येथे जैन यात्रेकरूस इतर शहरांप्रमाणे प्रत्येक पदार्थात कांदा-लसूण आहे का, असे विचारीत बसावे लागत नाही. विक्रेताच आधी विचारतो, जैन की साधे? सकाळी फाफडा, जिलेबी आणि कच्च्या पपईचा संभारो. खमण आणि ढोकळा हे एकच नव्हेत, हे येथे येऊन कळते: खमण हरभऱ्याच्या डाळीचे, ढोकळा तांदूळ-डाळीच्या आंबवलेल्या पिठाचा, महाराष्ट्रात आपण दोहोंनाही ढोकळाच म्हणून मोकळे होतो. हांडवो आणि ढोकळा यांत दही पडते. द्विदल टाळणाऱ्या घरांत ते दही आधी गरम करून मगच डाळीत मिसळतात. बाहेर खाताना हा विवेक ज्याचा त्याने करावा. हिवाळ्यातील उंधियो मूळच्या रूपात कंदांवाचून होत नाही, परंतु कच्ची केळी, पापडी आणि तुरीचे दाणे घालून केलेला जैन उंधियो चवीस कोठेही उणा पडत नाही. माणेक चौकाचे वैशिष्ट्य असे की दिवसा तेथे सराफ बसतात आणि दुकाने मिटली की त्याच जागी रात्री खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. कच्च्या केळ्याची जैन पावभाजी तेथे सर्रास मिळते. पाट्यांवर जैन हा शब्द ठळक असतो आणि वेळ रात्री दहाची असते, ही विसंगती चौविहार पाळणाऱ्यांनी हसून सोडून द्यावी. त्यांच्यासाठी सूर्यास्तापूर्वी ताट वाढणाऱ्या भोजनशाळा आहेत. चैत्र आणि आश्विनातील ओळीच्या दिवसांत आल्यास आयंबिलशाळेत तूप, तेल, दूध, गूळ यांवाचून किती प्रकार रांधता येतात, हे अनुभवण्यासारखे आहे.

खाखरा तर अवश्य न्यावा. ओलावा काढून शेकलेला हा पदार्थ प्रवासी व्यापाऱ्यांच्या आणि काळमर्यादा पाळणाऱ्या श्रावकांच्या गरजेतून घडला आहे. पावसाळ्यात पंधरा, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस दिवस ही मर्यादा जुन्या घरांत आजही मोजली जाते. खरेदीसाठी रतनपोळ आणि ढालगरवाड येथे कापड, माणेक चौकात तांब्या-पितळेची भांडी, आणि फर्नांडिस पुलाखाली पुस्तके. दिवाळीपूर्वी लाल चोपड्यांची गर्दी पाहावयाची तर हीच गावाची योग्य बाजू. जानेवारीत उत्तरायणास जाणाऱ्याने मात्र दोन गोष्टी एकत्र पाहण्याची तयारी ठेवावी. ज्या गच्च्यांशेजारी चबुतरे आहेत त्याच गच्च्यांवरून मांजा लावलेले पतंग चढतात, आणि जखमी पाखरांवर उपचार करण्यासाठी जीवदया संस्थांचे स्वयंसेवक रात्रंदिवस उभे असतात.

दुसरा दिवस ग्रंथांसाठी राखावा. पंधराव्या शतकात याच शहरात लोंकाशाह ग्रंथांच्या प्रती उतरून देण्याचे काम करीत. प्रती करताना आगम वाचले आणि त्या वाचनातून मूर्तिपूजेविषयी त्यांनी प्रश्न उभा केला. पुणे, अहिल्यानगर, नाशिक येथील स्थानकवासी कुटुंबांची परंपरा मागे नेली तर ती अहमदाबादच्या एका लेखणीपाशी पोहोचते. देरासरांच्या या नगरीत देरासरास प्रश्न विचारणाराही याच नगरीचा असावा, हे या शहराचे मोठेपण आहे. पुढे दरियापूर भागाच्या नावाने दरियापुरी संप्रदाय ओळखला गेला तोही येथलाच. हस्तलिखितांची ही परंपरा आज नदीपलीकडील लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिरात पाहावयास मिळते. मुनिश्री पुण्यविजयजी यांच्या प्रेरणेने आणि शांतिदासांचे वंशज कस्तुरभाई लालभाई यांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या या संस्थेत सत्तर हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. शेजारच्या संग्रहालयातील कल्पसूत्राची चित्रित पाने आणि पाषाणप्रतिमा यांसाठी दोन तास अपुरे पडतात. गांधीनगरच्या वाटेवर कोबा येथील महावीर जैन आराधना केंद्रातही मोठा ज्ञानभांडार आहे. तेथे दरवर्षी २२ मे रोजी दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी सूर्यकिरण भगवान महावीरांच्या ललाटावर पडतो. आचार्य कैलाससागरसूरींच्या अग्निसंस्काराची ती वेळ होय. शाहीबागेतील कॅलिको वस्त्रसंग्रहालय पाहावयाचे तर आगाऊ नोंदणी करूनच निघावे. अडालजची वाव आणि सरखेज रोजा सवडीप्रमाणे.

साबरमती आश्रम सर्वच पाहतात. त्याआधीचा कोचरब येथील आश्रम फारसे कोणी पाहत नाही. १९१५ मध्ये दुदाभाई यांच्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबास गांधीजींनी तेथे प्रवेश दिला आणि देणगीदारांनी हात आखडता घेतला. तेव्हा एक शेठ मोटारीतून आले, तेरा हजार रुपयांच्या नोटा हाती ठेवून निघून गेले. ते अंबालाल साराभाई होते, जैन घराण्यातील गिरणीमालक. तीनच वर्षांनी, १९१८ च्या गिरणी संपात, गांधीजी त्यांच्याविरुद्ध मजुरांच्या बाजूने उभे राहिले आणि अंबालालांची सख्खी बहीण अनसूयाबेन मजुरांच्याच पक्षात होती.

जुलै २०१७ मध्ये तटाच्या आतील हे ऐतिहासिक शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. परंतु पोळांतील जैन कुटुंबे त्याआधीच दोन पिढ्या पालडी, नवरंगपुरा अशा पश्चिमेकडील वसाहतींत गेली आहेत. कित्येक हवेल्यांना कुलुपे आहेत, कित्येकांची गुदामे झाली आहेत, आणि कोरीव लाकूड उतरवून विकले जाते हेही उघड गुपित आहे. देरासरे मात्र कोणी हलविली नाहीत. मूलनायक जेथे आहेत तेथेच आहेत आणि त्यांच्यासाठी माणसे पूल ओलांडून येतात. सकाळी सातच्या सुमारास झवेरीवाडाच्या तोंडाशी उभे राहिले तर पूजेची वस्त्रे नेसून, हातात केशर-चंदनाची डबी घेऊन येणारी वृद्ध जोडपी दिसतात. ज्या घरासमोरून ती जातात ते पुष्कळदा त्यांचेच जुने घर असते. पाहुण्या श्रावकाने आपली पूजेची वस्त्रे बरोबर ठेवावीत आणि वेळेवर पोहोचावे. दुपारी बहुतेक देरासरे मांगलिक होतात, आणि मग सायंकाळच्या आरतीपर्यंत गल्लीत चबुतऱ्यावरच्या पाखरांखेरीज कोणी नसते.